सर्व्हरवरील हमी आणि देखभालीचा प्रश्न

वाशीम जिल्ह्यातील मालेगावच्या शेतकऱ्याने बँकेतून पैसे पाठविले, तर एका खात्यातून वजावट आणि दुसऱ्यात जमा ही दोन्ही कामे व्हावीत. अन्यथा एकही होऊ नये. ही हमी प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने न लिहिता सर्व्हरने द्यावी, हे १९९८ मध्ये आलेल्या ‘एंटरप्राइज जावाबीन्स’ या व्यवहार-घटकांचे सूत्र. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीने त्यांचा किचकटपणा घटविला. मात्र ओरॅकलने हे तंत्रज्ञान एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविल्यावर, २०२० मध्ये प्रोग्राममधील ‘जावाएक्स’ हे नाव ‘जकार्ता’ झाले. जुने घटक नव्या सर्व्हरवर बदलाविना चालेनात. बँका आणि सरकारी खात्यांनी कंत्राटातच अशा देखभालीची तरतूद करावयास हवी. ती टाळल्यास किंमत मोजतो तो खिडकीसमोर ताटकळणारा खातेदार.