एका बुशापायी

नळ स्टॉपचा सिग्नल, संध्याकाळचे साडेसात, मागे हॉर्न वाजवणारं अख्खं पुणं, आणि आमची पद्मिनी दोन गिअरच्या मध्ये अडकलेली. ज्यांनी स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली गाडी चालवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, आतल्या लिव्हरला एक टोला हाणायचा, बॉनेट आपटायचं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने निघायचं. बाबा हे सगळं पंधरा सेकंदांत करायचे. मला चार मिनिटं लागली आणि एका रिक्षावाल्याची मदत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी दांडा दोनदा हलवला आणि म्हणाले, "बुश गेलेत."

"मग टाका ना नवीन."

"आणा. टाकतो."

या दोन शब्दांत माझे पुढचे चार महिने होते, हे तेव्हा कळलं नाही.

बुश म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळी. तिच्यात गिअरची सळई फिरते. नळी झिजली की सळईला प्ले येतो, मग एका वेळी एकच लिव्हर हलायची त्याऐवजी दोन्ही हलायला बघतात आणि गिअर अडकतो. बस, एवढंच. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, आणि गाडी उभी.

आता थोडा इतिहास (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा). वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट 1100 निघायची, 1964 पासून तिचं डिलाइट हे मॉडेल, आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. उत्पादन थांबलं 2000 च्या सुमारास. म्हणजे साठच्या दशकातलं इटालियन डिझाइन आपण जवळजवळ चाळीस वर्षं बनवत होतो. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टिम म्हणतात, आणि तिला शिव्या घालणाऱ्यांचा पगारही तिच्यावरच चालतो :)

मला वाटलं, सोपं आहे. इटलीहून मागवू! तिकडे जुन्या फियाटचे भाग आजही मिळतात. पण गंमत बघा. इटलीतल्या 1100 डी चं इंजिन 1221 सीसी, आपलं 1089. दोन्हीत पिस्टनची धाव 75 मिलिमीटरच, पण तिकडे सिलिंडरचा व्यास 72 आणि इकडे 68. तिकडचा पिस्टन मागवलात तर तो टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवायचा. भावंडं दिसायला सारखी असली तरी एकाचा शर्ट दुसऱ्याला होतोच असं नाही. त्यात आपल्याकडे चाळीस वर्षांत काय काय बदललं याचा सलग हिशोब माझ्या तरी हाती लागला नाही. तो नाना पेठेतल्या दुकानदारांच्या डोक्यात होता.

होता म्हणतोय, कारण नाना पेठेतले शेठ हसले. "पद्मिनी? अहो, टॅक्सी गेल्या, माल गेला."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं रडगाणं वाटलं. नंतर कुर्ल्याचं भंगार, ऑपेरा हाउसची दुकानं असं करत मुंबईभर हिंडल्यावर त्याचा अर्थ कळला. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली तरी पद्मिनीची क्लच प्लेट, हेड गॅस्केट, ब्रेक शू मिळत होते, ते आमच्यासारख्या हौशी लोकांच्या कृपेने नव्हे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींना ते रोज लागायचे म्हणून. सरकारने 2013 मध्ये टॅक्सीचं वय वीस वर्षांवर आणलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली, ती ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. पेपरांनी हळवे फोटो छापले. पण त्या दिवशी एक गिऱ्हाईक गेलं आणि त्याच्यामागे एक बाजार गेला, हे फार कमी जणांनी लिहिलं. आपण सगळे त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर हौस करत होतो. त्यांना कधी थँक यू म्हटलं नाही, उलट मीटरवरून भांडलो.

म्हणून आज चित्र असं आहे. बेअरिंग मिळतं, कारण त्यावर नंबर असतो आणि तो नंबर जगाचा असतो. 6205 म्हणजे आतून 25, बाहेरून 52, रुंदी 15 मिलिमीटर, मग तुम्ही पुण्यात मागा नाहीतर पोलंडमध्ये. ऑइल सीलचंही तेच, मापावर मिळतं. बल्ब, प्लग, पट्टा, कशाचीच अडचण नाही. अडतं कुठे? जिथे नंबर नाही, फक्त "पद्मिनीचा" एवढीच ओळख आहे तिथे. दाराचं हँडल, मीटरची काच, क्रोमची पट्टी, आणि माझा बुश.

असो. चौकशी करता करता उपनगरातल्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. त्यांच्याकडे दोन पद्मिनी आणि पोटमाळाभर स्पेअर. त्यांनी प्रेमाने चहा पाजला. मग एक खोका उघडला. त्यात पिवळ्या पडलेल्या कागदात, ग्रीसमध्ये बुडवलेले, कोरे करकरीत बुश. चार सेट!

"एक सेट द्या ना काका. म्हणाल ती किंमत."

"छे. मला लागले तर?"

दोन गाड्या, चार सेट. पण ठीक आहे, माल त्यांचा. मी पिशवीतून व्हर्निअर काढला. "बरं, माप तरी घेऊ द्या. पाच मिनिटं."

त्यांनी खोका बंद केला. "मग सगळेच बनवत सुटतील हो."

परतीच्या लोकलमध्ये मी या वाक्यावर जितका चिडलो तितका बुश न मिळाल्यावर चिडलो नव्हतो. वस्तू दिली तर त्यांच्याकडची एक कमी झाली असती, हे मान्य. मापाने काय कमी होणार होतं? हौशी मंडळींमध्ये हा रोग मी नंतर सर्रास पाहिला. कुठल्या गाडीचा कुठला भाग पद्मिनीला चालतो, कुठला कारागीर रबर ओतून देतो, हे सगळं गुपित. सोर्स कोड लॉकरमध्ये, आणि लॉकरची चावी सत्तर वर्षांच्या माणसाच्या कमरेला. कंपनी बंद पडली म्हणून पार्ट मरत नाही, पण त्याचं माप माहीत असलेला शेवटचा माणूस गेला की मरतो. आणि हा मृत्यू टाळायला एक कागद पुरतो.

मग कोणीतरी दुसरा मार्ग सुचवला. एक मेलेली पद्मिनी घे आणि मोड. साताऱ्याकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये अशी एक होती. पुढच्या सीटवर कोंबडी बसलेली. किंमत तीस हजार. मी सहज पंखा हाताने फिरवला तर इंजिन फिरलं! पत्रा बऱ्यापैकी, काचा सगळ्या शाबूत. मालक आजोबांनी विचारलं, "चालवायला नेताय का मोडायला?" मला उत्तर देता आलं नाही. मी गाडी न घेताच परत आलो. सडलेली गाडी मोडावी, त्यात वाईट काही नाही, तिचे अवयव दहा जणींना लागतात. पण चालू होऊ शकणारी गाडी एका बुशासाठी कापायची? असं करत करत शेवटी दोनच गाड्या उरतील आणि त्यांचे मालक एकमेकांकडे टपून बघत बसतील.

"ओरिजिनलच पाहिजे" हा हट्टही मला आता पटत नाही. रबराचं घ्या. तीस वर्षं खोक्यात पडलेलं कंपनीचं रबर हे तीस वर्षं जुनं रबर असतं. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या प्रकारच्या रबराला ते सोसत नाही, ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. पेट्रोल पंपाचा डायफ्राम कोरा ओरिजिनल मिळाला म्हणून नाचत बसवलात तर गरम इंजिनवर पेट्रोल गळायची तयारी ठेवा. इथे नव्या मटेरियलचा नवा भागच हवा. उलट ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये "बसवून देतो साहेब" ऐकलं की तिथून उठावं. तिकडे मी जुगाडाच्या पूर्ण विरोधात आहे. चारी चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला तसंही थांबायची फारशी घाई नसते.

जपानमध्ये माझदाने 2018 पासून पहिल्या एमएक्स-5 चे भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने जुन्या सुप्राचे. आपल्याकडे अर्ज करायचा कोणाला? गाडी पन्नास वर्षांची झाली तर 2021 च्या नियमांप्रमाणे तिला विंटेजची वेगळी नोंदणी मिळते. आमची 1984 ची. ती ना नवी, ना विंटेज. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन आपण अजून जिवंत आहोत हे पटवून द्यायचं, एवढंच तिच्या नशिबी.

शेवटी भोसरीतल्या एका टर्नरकडे गेलो. जुना बुश टेबलावर ठेवला तर म्हणाले, "झिजलेल्याचं माप काय करू? सळई आणा." बरोबरच होतं. सळई जिथे बुशात जात नाही तिथे झिजत नाही, खरं माप तिथलं. त्यांनी गनमेटलचे बुश काढून दिले, मिस्त्रीकाकांनी ठोकून बसवले, आणि सळई आत जाईना. दाबून बसवला की बुश आतून किंचित आवळतो. म्हणजे बसवल्यावर रीमर फिरवायला हवा होता. ही माहिती मला पोटमाळ्यावर दोन मिनिटांत मिळाली असती. दुसऱ्या खेपेला जमलं. सहाशे रुपये. दांडा आता असा पडतो की मी घरासमोर उभ्या गाडीत उगाच गिअर बदलत बसतो, बायकोने एकदा खिडकीतून पाहिलं.

मापांचा कागद मी चार जणांना दिला. एक मिस्त्रीकाकांच्या भिंतीवर चिकटवलाय, विश्वकर्म्याच्या फोटोखाली. एक व्हॉट्सॲपवर त्या पोटमाळ्याच्या काकांनाही पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तीन आठवड्यांनी मात्र एक फोटो आला. मजकूर काही नाही, फक्त दाराच्या आतल्या हँडलशेजारी धरलेली स्टीलची पट्टी, आकडे स्पष्ट दिसतील अशी.

आता पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेचं रबर गेलंय, पावसात डाव्या गुडघ्यावर धार पडते. आज रविवार, जुना बाजार भरला असेल. रबराचा चार इंची तुकडा कापून पिशवीत टाकलाय. कोणाकडे त्याच्या आडव्या छेदाचं माप असेल तर कळवा, माझ्याकडची आठ मापं बदल्यात देतो. आणि बदल्यात काही नसलं तरी देतो.