कर्सर कुठे थांबावा?

‘चिकलठाणा’ हा शब्द कोड एडिटरमध्ये लिहा आणि पहिल्याच ‘चि’च्या बरोबर मध्यावर माउसने क्लिक करा. चांगला एडिटर कर्सर ‘चि’च्या अलीकडे किंवा पलीकडे नेऊन ठेवतो. कच्चा एडिटर तो वेलांटीची दांडी आणि ‘च’ यांच्या मधोमध उभा करतो. तिथे ‘क’ टाइप केला की शब्द होतो ‘चकिकलठाणा’. वेलांटी ‘च’वरून सुटून नव्या ‘क’वर जाऊन बसते. लिहिणाऱ्याचे काहीही चुकलेले नसते. ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर व्यंजनाच्या आधी दिसते, पण संगणकावर लिप्या साठवण्याचे मानक असलेल्या युनिकोडमध्ये ती साठते व्यंजनाच्या नंतर, उच्चाराच्या क्रमाने. क्लिक झाले दिसणाऱ्या क्रमावर आणि अक्षर घुसले साठवलेल्या क्रमात.

छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या जोडीला सॉफ्टवेअरचेही काम चालते. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडियाचे केंद्र याच वसाहतीत आहे. आणि सॉफ्टवेअरला मराठी लागतेच: राज्याचा कारभार मराठीत चालावा यासाठी १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आहे. शासकीय फॉर्म असो, पगारपत्रक असो की वीजबिल, त्यावरचे बरेचसे मराठी शब्द कधीतरी कोणीतरी कोडच्या फाइलमध्ये टाइप केलेले असतात, दुरुस्त केलेले असतात. कर्सर भलत्या जागी थांबला, तर त्या दुरुस्तीतच नवी चूक शिरते आणि ती छापून लोकांच्या हातात पडते. म्हणून हा प्रश्न केवळ संगणकवेड्यांचा नाही.

आज आपण गृहीत धरतो ती क्लिकची पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात आकाराला आली. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा एडिटर एका प्रकाशन संस्थेसाठी तयार केला. दोन अक्षरांच्या मध्ये क्लिक करायचे आणि तिथेच टाइप करू लागायचे, ही सोय त्यात होती. त्यामागचा हिशेब सोपा आहे. अक्षराच्या डाव्या अर्ध्या भागावर क्लिक झाले तर कर्सर अक्षराच्या आधी, उजव्या अर्ध्या भागावर झाले तर नंतर. कोड लिहिण्यासाठी वापरतात त्या फॉन्टांत प्रत्येक रोमन अक्षराची रुंदी सारखी असते, त्यामुळे काम आणखी सोपे होते: क्लिकचे अंतर अक्षराच्या रुंदीने भागले की कितवे अक्षर ते कळते. ओळीच्या शेवटाच्या पुढे रिकाम्या जागेत क्लिक केले तर बहुतेक एडिटर कर्सर ओळीच्या टोकाला आणतात. काहींमध्ये तो रिकाम्या जागेतही ठेवण्याची सोय असते. या तपशिलांवर मतभेद असू शकतात, पण कोणाचा मजकूर बिघडत नाही.

देवनागरीत मात्र या भागाकाराचा पायाच ढासळतो. एक तर कोडच्या फॉन्टमध्ये देवनागरी बहुधा नसते. एडिटर ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतो आणि तिथे प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. दुसरे म्हणजे साठवलेली चिन्हे आणि दिसणारी अक्षरे यांची संख्या जुळत नाही. ‘चिकलठाणा’ वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा शब्द आहे. संगणकासाठी ती आठ चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवली तर चोवीस बाइट. पायथन या प्रोग्रामिंग भाषेला लांबी विचारली तर उत्तर आठ येते. स्विफ्ट भाषा पाच सांगते, कारण तिच्यात मोजणीचे एकक वाचकाच्या अक्षराजवळ आणलेले आहे.

खरी कसोटी जोडाक्षरांत लागते. कोणत्याही पगारपत्रकात सापडेल असा ‘कर्मचाऱ्याचे’ हा शब्द घ्या. त्यात बारा चिन्हे आहेत. ‘र्म’मधला र आधी साठतो आणि दिसतो मात्र रफार होऊन ‘म’च्या डोक्यावर. या दोघांच्या मध्ये कर्सर उभा करायला पडद्यावर जागाच नाही. तरीही काही एडिटर जोडाक्षराच्या रुंदीचे सरसकट समान भाग पाडतात आणि त्यातल्या एका रेघेवर कर्सर दाखवतात. तिथे चुकून एंटर दाबले गेले, तर वरच्या ओळीत ‘कर्’ उरते आणि खालच्या ओळीत ‘मचाऱ्याचे’ जाते. ‘ऱ्या’ची तऱ्हा तर आपल्या मराठीची खास. तो दोन प्रकारांनी साठवता येतो: खाली टिंब असलेला वेगळा ‘र’ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, मोजणीत एकाने फरक. चिन्हागणिक सरकणाऱ्या एडिटरमध्ये त्या अदृश्य चिन्हापाशी बाणाची कळ दाबली तरी कर्सर हलल्याचे दिसत नाही आणि लिहिणारा कळ बिघडली असे समजतो.

जुन्या लोकांना आठवत असेल की श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत ही अडचण नव्हती. तिथे वेलांटी आधी टाइप व्हायची, आधीच साठायची आणि क्लिक दिसेल तिथेच पडायचे. त्याची किंमत मात्र फार मोठी होती: फॉन्ट बदलला की मजकुराची रोमन चिन्हांची खिचडी व्हायची, शोध लागत नसे, क्रमवारी लागत नसे. उच्चाराच्या क्रमाने टाइप करण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्येच आला होता आणि युनिकोडनेही साठवणीसाठी तोच क्रम धरला. तो निर्णय योग्यच होता. दिसणे आणि साठणे यांतले अंतर सांभाळण्याची जबाबदारी त्यामुळे एडिटरवर आली आणि अनेक एडिटरांनी ती अर्धवटच उचलली आहे.

अर्थात सगळा दोष एडिटर बनवणाऱ्यांचा नाही. वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर कुठे संपते, याचे युनिकोडचे सर्वसाधारण नियमच बरीच वर्षे देवनागरीच्या जोडाक्षरांना तोडत होते. त्या नियमांनुसार ‘क्षेत्र’ या शब्दाचे चार तुकडे पडायचे: क्, षे, त् आणि र. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ आवृत्ती आली आणि देवनागरी, बंगाली, गुजरातीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम त्यात दाखल झाला. आता ‘क्षेत्र’चे दोनच भाग होतात आणि ‘कर्मचाऱ्याचे’चे सातऐवजी पाच. ‘वाङ्‌मय’मध्ये ङ चा पाय मोडलेलाच राहावा म्हणून अदृश्य विभाजक घातला असेल, तर नवा नियम तिथे जोड धरत नाही, आणि तेही बरोबर आहे. पण नियम कागदावर बदलला म्हणून प्रत्येक एडिटरच्या आतली कोष्टके बदलतात असे नाही.

याच दुखण्याची दुसरी लक्षणेही आहेत. दोनदा क्लिक करून शब्द निवडताना ‘शब्द म्हणजे सलग अक्षरे’ अशी व्याख्या युनिकोडच्या अक्षरवर्गावरून केली, तर काना आणि वेलांटी त्या वर्गात बसत नाहीत, आणि ‘चिकलठाणा’चे ‘च’, ‘कलठ’, ‘ण’ असे तुकडे होतात. गो या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर कोडमधली चूक कुठे आहे ते बाइटांत मोजून सांगतो. ओळीत आधी मराठी मजकूर असेल तर तो आकडा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांपेक्षा कितीतरी पुढचा असतो. एडिटरने तो नीट फिरवून घेतला नाही, तर चुकीच्या सूचनेवर क्लिक केल्यावर कर्सर दुसरीकडेच पोहोचतो. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरला तर माउसकडून सहसा फक्त ओळ आणि चौकट यांचे आकडे मिळतात. अक्षराच्या कोणत्या अर्ध्या भागावर क्लिक झाले, हे तिथे सहसा कळत नाही.

यावर काही प्रोग्रामरांचे म्हणणे असते की कोड हा यंत्राचा मजकूर आहे, तेव्हा कर्सर प्रत्येक चिन्हापाशी थांबलाच पाहिजे. या म्हणण्यात तथ्य आहे. अदृश्य चिन्ह शोधायचे असेल तर आत शिरता आले पाहिजे. पण त्यासाठी रोजच्या क्लिकला वेठीस धरण्याचे कारण नाही. क्लिक, बाणाची कळ आणि निवड या तिन्हींनी संपूर्ण अक्षराच्या सीमेवरच थांबावे. बॅकस्पेसने मात्र एकेक चिन्ह मागे घ्यावे, म्हणजे ‘चि’ची वेलांटी चुकली तर ‘च’ पुन्हा लिहावा लागत नाही. अनेक प्रणालींत आज बॅकस्पेस असेच वागते आणि ते हाताला बसलेले आहे. आत शिरण्यासाठी वेगळी आज्ञा ठेवावी, जो मागेल त्याच्यासाठी. सर्वांत वाईट असते ती सरमिसळ, म्हणजे क्लिक एका नियमाने, बाण दुसऱ्या आणि निवड तिसऱ्याच. दुर्दैवाने तीच आज सर्रास आढळते.

हे दुरुस्त होणे आवाक्याबाहेरचे नाही. ब्राउझरमध्ये मजकुराचे अक्षरागणिक तुकडे करून देणारी तयार सुविधा आता आहे. २०२४ मध्ये फायरफॉक्सनेही ती घेतल्यानंतर सर्व प्रमुख ब्राउझरांत ती उपलब्ध झाली. अनेक एडिटरांचा कोड खुला आहे आणि त्यांच्याकडे तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत. उणीव आहे ती मराठी वापरून पाहणाऱ्यांची. परदेशात बसलेल्या प्रोग्रामरला ‘ऱ्या’ कसा वागायला हवा हे कोण सांगणार? छत्रपती संभाजीनगरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि चिकलठाण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी आपल्या चाचण्यांत ‘चिकलठाणा’, ‘क्षेत्र’, ‘कर्मचाऱ्याचे’ आणि ‘वाङ्‌मय’ हे चार शब्द कायमचे घालावेत. प्रत्येक अक्षराच्या मध्यावर क्लिक करून कर्सर कुठे थांबतो ते पाहावे आणि तो आत थांबला तर एडिटरचे नाव, आवृत्ती आणि पडद्याचे चित्र जोडून तक्रार नोंदवावी.