घड्याळ पुढे गेले, हिशेब चुकला

चेन्नईच्या नुंगमबक्कम भागात हवामान खात्याच्या आवारात ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. उंची १५ फूट, वजन सुमारे १० टन. त्यावर १७९२ हे साल कोरलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीने इथे वेधशाळा उभारली तेव्हा वेध घेणारे यंत्र जराही हलू नये म्हणून हा खांब रोवला गेला. पुढे १८९९ मध्ये वेधशाळेचे मुख्य काम कोडाईकनालला गेले, पण खांब इथेच राहिला. आजच्या संगणकांतही या जागेची एक खूण शिल्लक आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वेधशाळेचे पहिले अधिकृत खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८०२ मध्ये मद्रासचे रेखांश निश्चित केले. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मद्रास ग्रीनिचच्या पूर्वेला सव्वाऐंशी अंशांवर असल्याने तिथले घड्याळ ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे ठरले. त्या काळी प्रत्येक मोठ्या शहराची वेळ निराळी होती. मुंबई ४ तास ५१ मिनिटांवर, तर कलकत्ता जवळपास ५ तास ५३ मिनिटांवर. आगगाड्या धावू लागल्या तेव्हा या दोहोंच्या मधोमध पडणारी मद्रासची वेळ रेल्वेने स्वीकारली. वेधशाळेतून तारायंत्राने ती ठिकठिकाणी कळवली जाई.

१ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईकरांनी मात्र आपली वेळ सहजासहजी सोडली नाही. शहरातली बरीच घड्याळे १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागेच चालत होती. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात आणखी एक फेरफार झाला. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात सबंध देशाचे घड्याळ एक तास पुढे ठेवले गेले. म्हणूनच जुन्या पत्रिका मांडताना ज्योतिषी आजही लढाईच्या काळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करतात. १९४३ मध्ये रात्री साडेबारा वाजता जन्मलेल्या बाळाची कागदोपत्री तारीख तीच राहते, पण आजच्या वेळेने मोजले तर जन्म आदल्या रात्री साडेअकराचा ठरतो.

हा सारा इतिहास संगणकाला सांभाळावा लागतो. जगभरच्या वेळांची एक मोठी यादी बहुतेक संगणक आणि मोबाइल वापरतात. त्यात भारताची नोंद कोलकात्याच्या नावाने आहे. तीत १९०६ पूर्वीच्या काळासाठी ५ तास २१ मिनिटे १० सेकंद असा आकडा सापडतो. हीच ती नुंगमबक्कमची वेळ.

आता गंमत पाहा. ३१ डिसेंबर १९०५ ची दुपार आणि १ जानेवारी १९०६ ची दुपार यांत किती दिवस गेले? कोणीही सांगेल, एक. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सेकंद मोजून त्यांना २४ तासांनी भागले आणि उरलेला अपूर्णांक सोडून दिला, तर उत्तर येते शून्य! कारण मधल्या रात्री घड्याळ ८ मिनिटे ५० सेकंद पुढे सरकले होते. दिवस पूर्ण भरलाच नाही.

हा घोटाळा केवळ जुन्या काळाचा नाही. अमेरिकेत दरवर्षी मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे करतात. चेन्नईतली आई न्यू जर्सीतल्या मुलीला फोन करते तेव्हा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक धरते. मुलगी रोज सकाळी आठला गोळी घेते. घड्याळ बदलेल त्या दिवशी ‘रोज आठ वाजता’ आणि ‘दर २४ तासांनी’ या दोन सूचना वेगवेगळ्या ठरतात. कोणती पाळायची, हे माणसानेच ठरवून संगणकाला सांगावे लागते.

महिन्यांची बेरीजही अशीच फसवी आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवा. ३१ फेब्रुवारी नसतेच, म्हणून संगणक २८ वर थांबतो. त्यात पुन्हा एक महिना मिळवला की २८ मार्च. पण मूळ तारखेत एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च! कर्जाचे हप्ते मांडताना जाणकार म्हणूनच दरवेळी पहिल्या तारखेपासून मोजतात, मागच्या हप्त्यापासून नाही. सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवण्याची काटकसर तर २००० साल उजाडताना सगळ्या जगाला महागात पडली. ९९ नंतरचे ०० म्हणजे १९०० समजले जाऊ नये म्हणून जुने प्रोग्रॅम ओळीओळीने तपासले गेले. त्या कामाला चेन्नईसह भारतातल्या अनेक शहरांतले अभियंते जुंपले होते.

वेळेच्या बेरजेतली चूक जिवावरही बेतते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा समोरून येणारे स्कड अडवू शकली नाही. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने मोजत होते, आणि संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत हा दहावा भाग नेमका मांडता येत नाही. प्रत्येक वेळी राहणारी नगण्य तूट १०० तासांत साचून सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून पुढे गेले होते. २८ सैनिक मेले. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तिथे पोचला तो दुसऱ्या दिवशी.

पुढची परीक्षाही ठरलेली आहे. अनेक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि त्यांच्या खणात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचाच आकडा मावतो. तो १९ जानेवारी २०३८ रोजी भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. ज्या यंत्रणा तोवर सुधारल्या नसतील, त्या पुढच्याच सेकंदाला १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडतील.

अधिक मास आणि क्षय तिथी पाहत आलेल्या मराठी घराला हे नवखे वाटू नये. आकाशाची चाल आणि माणसाचे कॅलेंडर कधीच तंतोतंत जुळत नाहीत, मधला फरक कोणाला तरी लक्षात ठेवावा लागतो. संगणक तो ठेवतो, पण सांगितला तेवढाच. त्या मोठ्या यादीत मुंबईची ३९ मिनिटे नाहीत. तेव्हा घरात १९५५ पूर्वी मुंबईत जन्मलेले कोणी आजी-आजोबा असतील, तर त्यांची जन्मवेळ कोणत्या घड्याळाची, हे आजच विचारून लिहून ठेवावे. उद्या ते कोणताही संगणक सांगू शकणार नाही.