अक्काच्या शेळ्या आणि आपल्या पेशी

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला तीर्थपुरीस गेलो होतो. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. आमची थोरली बहीण अक्का या गावात नांदायला आली, त्याला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. ओवाळणी झाली, करंज्या झाल्या, आणि मग माझ्या ध्यानात आले की घरात सगळेच काही गोड नाही. नातसून अक्काशी बोलत नव्हती, अक्का तिच्याशी बोलत नव्हती. मधे पाळण्यात दहा आठवड्यांची पणती. दिवाळीच्या पणत्यांतली सर्वांत धाकटी म्हणा ना!

भांडण लशीचे होते. सहाव्या आठवड्यात पोरीला पहिली लस टोचली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात अशा पाच रोगांवरची ती एकत्र लस. त्या रात्री पोर तापली आणि अक्काने उजाडेपर्यंत तिला मांडीवर घेतले. आता दहाव्या आठवड्याची दुसरी मात्रा आली होती.

“एकदा टोचलं, ताप आला, उतरला. काम झालं की नाही? मग पुन्हा काहून पोरीला जाळायचं?” अक्का म्हणाली.

वाचकहो, प्रश्न अडाणी नाही. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, म्हणून म्हटले, हिशेबानेच सांगू. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. एखादा विशिष्ट रोग ओळखणारी पेशी त्यांत लाखात एखादीच सापडायची. ती शत्रूला ओळखते आणि मग एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार. असे दहा वेळा झाले की एकीच्या १,०२४. वीस वेळा झाले की दहा लाखांवर.

अक्काच्या गोठ्यात चार शेळ्या आहेत. ती हसली. “भाऊ, कागदावर ठीक हाय. पण सगळ्या शेळ्या एका दिवशी व्यायतात व्हय? आन् मरतात त्या कुठं धरल्या तू?”

मी गप्प झालो. कारण ज्या आक्षेपावर शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे घालवली, तो अक्काने ओवाळणीचे तबक उचलता उचलता घेतला होता.

या हिशेबाचा एक धागा आपल्या मुंबईशीही जुळतो. १९०५-०६ च्या प्लेगात मुंबईत दर आठवड्याला किती माणसे दगावली त्याचे आकडे घेऊन १९२७ साली केरमॅक आणि मॅककेन्ड्रिक या दोघांनी साथ कशी चढते व आपोआप कशी उतरते याचे समीकरण मांडले. मॅककेन्ड्रिक हिंदुस्थानात कसौलीला काम केलेले डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात १९२४ साली त्यांची दृष्टी गेली होती. पण मला अधिक मोलाचे वाटते ते मॅककेन्ड्रिक यांचे १९२६ चे काम. नुसती डोकी मोजू नका, प्रत्येकाचे वयही मोजा, असा त्याचा मथितार्थ. चार शेळ्या म्हटल्याने काहीच कळत नाही. त्यांतल्या दोन करडे असतील तर हिशेब निराळा. हेच समीकरण पुढे १९५९ साली फॉन फोर्स्टर यांनी शरीरातल्या पेशींना लावले.

पण पेशीची कितवी पिढी हे ओळखायचे कसे? आजीजवळ सोळा तोळे सोने आहे आणि प्रत्येक पिढीत ते दोन लेकींत सारखे वाटायचे, असे समजा. मग कुणाच्याही अंगावरचे सोने तोलले की कितवी पिढी ते कळले. १९९४ साली ऑस्ट्रेलियात लायन्स आणि पॅरिश यांनी सोन्याऐवजी चमकणारा रंग वापरला. पेशीच्या दोन झाल्या की प्रत्येकीकडे निम्मी चमक. अशा सात-आठ पिढ्या ओळखता येतात. पुढे चमक इतकी फिकी होते की काही कळत नाही.

या रंगाने अक्काचे म्हणणे सिद्ध केले. एकाच वेळी जाग्या केलेल्या पेशी काही दिवसांनी पाहाव्यात तर कुणी पाचव्या पिढीत, कुणी अजून पहिलीत! मेलबर्नच्या हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडले की प्रत्येक पेशीत जणू गजराची दोन घड्याळे असतात. एक दोन होण्याचे, दुसरे मरण्याचे. जे आधी वाजेल तसे घडते. यातली मरणाची बाजू किती जड! दर पिढीला चौथा हिस्सा मेला असे धरा. दहा पिढ्यांनंतर एकीच्या १,०२४ नव्हे, जेमतेम ५७ उरतात.

आणि या हिशेबातच अक्काच्या प्रश्नाचे उत्तर होते. पहिल्यांदा दोन व्हायला पेशीला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. नंतर मात्र काही तासांत एकेक पिढी. लशीचा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणजे ताप जातो तेव्हा फौजेची भरती कुठे सुरू होत असते. पुढे फौज वाढते, आणि काम सरले की त्यातल्या दहांतल्या नऊ किंवा त्याहूनही अधिक मरून जातात. मागे उरतात त्या जुन्या जाणत्या. दुसऱ्या मात्रेला त्या आधीच हजर असतात. भरती मोठ्या आकड्यापासून आणि लवकर सुरू होते. खऱ्या रोगात ही घाई फार महत्त्वाची, कारण पुष्कळ जंतू तासाभरातच दुप्पट होतात. सहा, दहा, चौदा आठवडे हे वेळापत्रक मात्र समीकरणातून निघालेले नाही, हे कबूल केले पाहिजे. ते मुलांच्या रक्ताच्या तपासण्यांवरून आणि अनुभवावरून ठरले. गणित त्यामागचे कारण उलगडू पाहते, इतकेच.

अक्काने सगळे ऐकून घेतले. होय म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. दोन दिवसांनी लसीकरणाचा वार होता. सकाळी पाहतो तो पोरीला दुपट्यात गुंडाळून अक्का स्वतःच उंबऱ्याशी उभी, आणि नातसून चपला शोधते आहे.

रात्री पोर पुन्हा तापली. नर्सबाईंनी दिलेले औषध सुनेने पाजले. पहाटे अंग निवले तेव्हा अक्का पाळण्याची दोरी ओढत बोटांवर काहीतरी मोजत होती.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “आता कुठं पहिली व्यायला लागली असंल, नाही?”