जुन्या फियाटच्या दारांना नवं रेक्झिन

मैत्रिणींनो, आपल्या वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि अंगणात उभ्या गाडीच्या दारांचं आतलं रेक्झिन पापडासारखं तडकतं. घरात अजून जुनी पद्मिनी असेल, तर आतला हार्डबोर्ड कितीही खराब झालेला असो, फेकू नका. कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी बंद होऊन वीस वर्षं उलटली. आता तो जुना बोर्ड हाच तुमचा नमुना!

काच खालीवर करायचा दांडा पिनेवर किंवा चापावर बसवलेला असतो. तो आणि मूठ काढली की पातळ पट्टीनं बोर्ड हलकेच उचकटावा. चाप लगेच डबीत टाका, मुलांच्या हाती लागले की संपलंच. फुगलेला बोर्ड नव्या हार्डबोर्डवर ठेवून भोकांसकट पेन्सिलीनं उतरवा. ब्लाउज बेतणारीला हे काय कठीण? रेक्झिन चहूकडून दोन बोटं जास्त कापून, कोपऱ्यांवर खाचा देऊन मागे दुमडायचं.

चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबावं. घाई केली की फुगे धरतात. त्याची वाफ मात्र चटकन पेट घेते. म्हणून शेगडी, निरांजन, विडी ओढणारी मंडळी, सगळ्यांपासून दूर, उघड्या ओसरीवर काम करा.

बोर्ड बसवण्यापूर्वी दाराच्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद नक्की लावा. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोटातच उतरतं, आणि कागद नसेल तर नवा बोर्डही श्रावणापर्यंत फुगतो.