पुस्तिका यंत्राची नको, कामाची हवी!

साथींनो,

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे दगावली. पुढच्याच महिन्यात सिग्नल खात्याच्या तिघा कर्मचाऱ्यांना अटक झाली.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने अनेक पातळ्यांवरील चुका दाखवल्या. त्यांत एक अशी : फाटक क्र. ९४ चा विजेवर चालणारा अडसर बदलण्याच्या कामासाठी त्या स्थानकाचा मंजूर सर्किट आराखडा पुरवलाच गेला नव्हता. त्यातून चुकीचे वायरिंग झाले. म्हणजे हातात पाना होता, पण हवा तो कागद नव्हता!

कागदाचा तोटा खात्यांना कधीच नव्हता. परिपत्रके, नियमावल्या, दुरुस्तीपत्रके यांनी कपाटे भरली आहेत. पण ही पुस्तिका यंत्राची ओळख करून देते : हे बटण, हा मेनू. काउंटरवरच्या साथीचा प्रश्न निराळाच असतो. पैसे घेतले, नोंद अर्धी असताना लिंक गेली. आता पावती द्यावी की नाही? त्याचे उत्तर कोणत्या पानावर?

उपाय आहे. त्याला टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात, म्हणजे कामाची उकल. लिहिणाऱ्याने आधी काम करणाऱ्याजवळ बसावे. काम कशासाठी, पायऱ्या कोणत्या, खात्री कुठे करायची, बिघडल्यास मागे कसे यायचे, रात्री-पावसात काय बदलते, हे नोंदवावे. मगच लिहावे. लिहिलेले त्याच कामगाराकडून करून पाहावे. तो जिथे अडेल, तिथे मजकूर सुधारावा.

हे टेलरचे स्टॉपवॉच तर नव्हे? शंका रास्त आहे. टेलरने १९११ साली मांडलेल्या पद्धतीत कामाचे तुकडे पाडून वेळ मोजला जाई. ब्रिटनमध्ये अ‍ॅनेट व डंकन यांनी १९६७ मध्ये मांडलेली उकल मात्र कामाच्या उद्दिष्टापासून सुरू होते. तरीही हत्यार कोणाच्या हाती, हे महत्त्वाचे. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत :

१. प्रत्येक पुस्तिका कामगारांसोबत, त्यांच्या भाषेत तयार करा.
२. मंजूर व अद्ययावत आराखडा हाती दिल्याशिवाय काम सुरू करू नका.
३. या नोंदी पदकपातीसाठी वा शिक्षेसाठी वापरू नका.
४. चौकशीत कामगाराआधी त्याच्या हाती दिलेला कागद तपासा.

साथींनो, आपापल्या शाखेत हा ठराव मांडा.

कामगार एकजुटीचा विजय असो!