पावसाचा दिवस साडेआठला का मोडतो?

अतिवृष्टी हा शब्द शेतकरी बांधावर वापरतो आणि तलाठी पंचनाम्यात. पंचनाम्यात मात्र त्याला आकडा चिकटलेला असतो: महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. त्या हिशेबाने 65 मिलिमीटर म्हणजे एकरावर सुमारे 2 लाख 63 हजार लिटर पाणी. इगतपुरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे आषाढात हे नवल नाही. येवला-नांदगावकडे वर्षाचा सगळा पाऊसच 500 च्या आसपास, तिथे हाच आकडा वर्षाच्या आठव्या हिश्श्याएवढा भरतो. तरीही माझा आक्षेप 65 वर नाही, 24 तासांवर आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. समजा, पहाटे पाचला लागलेल्या पावसाने साडेआठपर्यंत 40 आणि दुपारपर्यंत आणखी 40 मिलिमीटर ओतले. शेतातून 80 वाहून गेले, पण कागदावर दोन दिवस चाळीस-चाळीस उमटले आणि अतिवृष्टी एकाही दिवशी झाली नाही.

हाताने मोजायच्या पर्जन्यमापकाच्या काळात याला इलाज नव्हता. कोणीतरी ठरल्या वेळी येऊन बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतणार, त्याची वेळ एकच असणार. स्वयंचलित केंद्राचे तसे नाही. त्यात नरसाळ्याखाली झुलती जोडवाटी असते. मिलिमीटरच्या ठरावीक अंशाएवढे पाणी भरले की ती कलंडते, दुसरी बाजू वर येते आणि प्रत्येक कलंडणे वेळेसह नोंदता येते. महावेध प्रकल्पातून राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रे उभी आहेत. म्हणजे पाऊस कधी लागला आणि किती तासांत किती पडला, हे सांगण्याची सोय आहे. आपण त्यातून दिवसाची बेरीज तेवढी उचलतो. चाळीस मिलिमीटर दिवसभर झिरपले तर कांद्याचे रोप तगते, तासाभरात कोसळले तर वाफ्यासकट जाते. तासाला 100 मिलिमीटर झाले की हवामानशास्त्र त्याला ढगफुटी म्हणते. त्याखालच्या तीव्रतेला भरपाईच्या हिशेबात स्थानच नाही.

साडेआठची वेळ जागतिक प्रमाणवेळेशी जुळवलेली आहे, ती हलवली तर जुन्या नोंदींशी तुलना बिघडेल, हे म्हणणे रास्त आहे. ती नोंद तशीच राहू द्यावी. मदतीसाठी मात्र सलग कोणतेही 24 तास धरावेत आणि जोडीला तासाच्या तीव्रतेची एक मर्यादा ठरवावी. निकष बदलले तर गोंधळ होईल, असेही म्हटले जाईल. पण सततचा पाऊस ही आपत्ती मानण्याचा निर्णय राज्याने 2023 मध्ये घेतलाच ना? खरी अडचण वेगळी आहे. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की वाटी हलत नाही आणि धो धो पावसातही शून्य दिसते. म्हणून प्रत्येक मंडळात स्वयंचलित यंत्राशेजारी साधे पर्जन्यमापक हवे, आणि दोन्हींचे आकडे त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवेत.